भोंगा बंद, दिवा चालू

रविवार, ८ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि धाकटी बरे असाल. मीही बरी आहे. पत्रात हे आधी लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. त्यात माहिती काही नाही.

ईमेलने आलं तरी हे पत्र म्हणून वाच. फोनवर तू माझं वाक्य पूर्ण करतोस, आणि दर वेळी चुकीचं पूर्ण करतोस. लिहिलेलं तुला मध्येच तोडता येणार नाही. आणि वाचून झाल्यावर नेहमीसारखा नुसता अंगठा पाठवू नकोस. तुझ्या अंगठ्यावरून तुला नेमकं काय समजलं, हे मला आजवर कळलेलं नाही.

तुझा तक्ता मिळाला. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची रोज खबर घेणाऱ्या चार सेवा, सात रकाने, रंगसुद्धा भरलेत. उंटावरून शेळ्या हाकायला इतकं सुबक कोष्टक लागतं हे मला माहीत नव्हतं. शेवटची ओळ लाल अक्षरांत: ‘बाबांच्या सध्याच्या मानसिक स्थितीत यातली एकही सेवा उपयोगी नाही.’ मग तक्ता कशाला केलास? मी वाचावा आणि शेवटच्या ओळीला मान डोलवावी म्हणून?

तरी मी चारही ठिकाणी फोन केले. तू केले नाहीस हे दिसतंच आहे.

पहिली सेवा. रोज सकाळी एक बाई फोन करून पाच मिनिटं बोलते. तिथला माणूस म्हणाला, “आमच्या ताई फार प्रेमळ आहेत.” मी विचारलं, ताई रजेवर असल्या तर? “दुसऱ्या ताई.” समोरच्याने फोन उचलला नाही तर? “परत करतो.” किती वेळा? किती मिनिटांनी? त्यानंतर कोणाला कळवता? तो म्हणाला, “मॅडम, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं.” माझं उत्तर मला मिळालं.

दुसरी. यंत्राचा फोन येतो, ठीक असाल तर एक दाबा. ही नको. का नको, ते तुला माहीत आहे.

तिसरी. घरात कॅमेरा. बाबांना दवाखान्यात विचारलं. म्हणाले, “मी काय दुकान आहे?”

चौथी. स्वयंसेवक घरी येऊन भेटतात. प्रतीक्षायादी पाच महिन्यांची. बाबांना २२ तारखेला सोडणार आहेत. कुठे सोडायचं, ते आपण सांगायचं आहे.

आता तक्त्यासोबतच्या अर्जाबद्दल. माहितीपत्रकात ‘ज्येष्ठ निवास’ छापलंय. आपण वृद्धाश्रम म्हणू. अर्जातला चौदावा प्रश्न: ‘स्मृती किंवा आकलन क्षीण झाल्याची लक्षणे आहेत काय?’ तू ‘होय’वर खूण केली आहेस. खाली दोन्ही मुलांच्या सह्यांची जागा आहे, तुझी झालेली आहे. वीस तारखेच्या आत माझी हवी, नाहीतर खोली दुसऱ्याला जाईल, असं तू लिहितोस. सिनेमाची तिकिटं काढतोस त्याच सुरात.

तुला दर दोन वाक्यांनी आठवतं, म्हणून एकदा लिहून टाकते. डबी मी निवडली. तू म्हणाला होतास माणसाची सेवा घे, मी म्हणाले माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही. जानेवारीत मी ती घरी नेली. काडेपेटीएवढी, खिशात मावणारी, एकच बटण. रोज सकाळी आठ वाजता ती वाजते, दिवा लुकलुकतो. बटण दाबलं की माझ्या मोबाईलवर हिरवी खूण येते आणि खाली अक्षरं: ‘ठीक आहे’. अर्ध्या तासात दाबलं नाही तर मला धोक्याचा संदेश. मदतीचं वेगळं बटण असलेली, गळ्यात घालायची डबीही होती. बाबांनी ती परत पाठवली. “गळ्यात घंटा बांधायला मी बैल नाही,” म्हणाले.

घटनाक्रम पुन्हा देते, कारण तू लोकांना सांगतोस तो चुकीचा आहे. मंगळवार, २४ फेब्रुवारी, सकाळी सात दहा: बाबा स्वयंपाकघराच्या दारात पडले. खुबा मोडला, उठता येईना. आठ वाजता डबी वाजली, त्यांनी दाबली, हिरवी खूण आली. बुधवारी आठ वाजता पुन्हा वाजली, पुन्हा दाबली, पुन्हा हिरवी खूण. बुधवारी दुपारी बारा पंचवीसला ते सापडले. म्हणजे एकोणतीस तास पंधरा मिनिटं. ‘दोन दिवस’ नाही. वहिनीच्या बहिणीला सांगतानाही बरोबर आकडा सांग.

सापडले ते कोणत्याही सेवेमुळे नाही. हाताला लागलेला पाना घेऊन ते भिंतीलगतच्या पाण्याच्या नळीवर ठोकत होते. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींचं मशीन दिवसभर चालू असतं, त्यांना ऐकू येईना. बुधवारी दुपारी वीज गेली, मशीन थांबलं, आणि मग त्यांना ठोके ऐकू आले. तीन, मग दोन. तीन, मग दोन. बाबांना कशाने वाचवलं, तर वीज जाण्याने. तुझ्या तक्त्यात यासाठी आठवा रकाना कर.

तू लिहितोस: ‘खुबा मोडून जमिनीवर पडलेला माणूस मी ठीक आहे असं बटण दाबतो. एकदा नाही, दोनदा. त्याचं डोकं ठिकाणावर नाही. साधं गणित आहे.’

हे गणित मला मान्य नाही. सही मी करणार नाही. कारण नंतर कळवीन.

तुझी बहीण


गुरुवार, १२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. बाबांचं ठीक चाललंय. टाके सुकलेत, वॉकरची चौकट धरून बारा पावलं चालतात. व्यायाम करून घेणाऱ्या मुलीला त्यांनी चौकटीच्या पायाचं एक रबर झिजल्याचं दाखवलं. तिने पाहिलं, खरंच झिजलं होतं. चौकट बदलली.

तुझं उत्तर वाचलं. या वेळी अंगठा नव्हता, चार परिच्छेद होते. त्यातल्या तीन परिच्छेदांत मी कशी कोरडी आहे हे आहे. लहानपणी तू मला ‘मोजपट्टी’ म्हणायचास, आता ‘यंत्र’ म्हणतोस. बढती समजते. पण एक लक्षात ठेव. दहा वर्षांत तू चार वेळा आलास, त्यात एकदा आई गेली म्हणून. जो माणूस विमानतळावरून परत जाताना ‘काही लागलं तर कळव’ म्हणतो, त्याने मायेवर व्याख्यान देऊ नये. कळवलं की तक्ता येतो.

डबीवाल्या कंपनीला मी लिहिलं होतं. तुमचं यंत्र माणूस ठीक आहे की नाही हे मोजत नाही, बोट चालतं की नाही एवढंच मोजतं. तेव्हा ‘ठीक आहे’ ही अक्षरं काढा, ‘बटण दाबलं’ असं लिहा. त्यांचं उत्तर आलं: ‘आमच्या नोंदीनुसार दोन्ही दिवशी सेवा शंभर टक्के यशस्वी होती. आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत.’ मी ते उत्तर तीन वेळा वाचलं आणि मग बाहेर जाऊन इमारतीला एक फेरी मारून आले, कारण टेबलावर हाताशी चहाचा कप होता आणि समोर भिंत होती.

काल डॉक्टरांनी बाबांची स्मरणाची चाचणी घेतली. मी खोलीत होते. शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, बाबा दोनपर्यंत गेले आणि म्हणाले, “आता पुढे उणे पाच. चालू ठेवू?” घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर विचारलं, “कुठल्या पाळीचं?” तीसपैकी सव्वीस गुण मिळाले. चार गेले ते पाच शब्द लक्षात ठेवण्यात. पैकी एक शब्द ‘मखमल’ होता. बाबा म्हणाले, “मखमल कुठल्या पुरुषाच्या लक्षात राहते?”

डॉक्टर म्हणाले, गुण चांगले आहेत, पण घटना काळजीची आहे. पडल्यावर ‘ठीक आहे’ का कळवलं? मग त्यांनी सरळ विचारलं, “आजोबा, पडल्यानंतर तुम्ही कुणाला फोन करायचा प्रयत्न केला होता का?”

बाबा म्हणाले, “आठवत नाही.”

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. ‘घटनेची स्मृती नाही.’ कागद तुला जोडून पाठवतेय, कारण तू मागणारच आहेस.

तुझ्या चौथ्या परिच्छेदात तूही तेच विचारलं आहेस. शुद्धीवरचा माणूस कुणाला तरी फोन करतो, शर्टाच्या खिशात मोबाईल होता, मग बाबांनी कुणालाच कसा केला नाही? मोबाईल बंद पडला होता एवढं मला ठाऊक आहे. आदल्या दिवशी चार्जिंगला लावायचा राहून गेला होता.

सहीबद्दल रोज विचारू नकोस. तुझा वीस तारखेचा धोशा ऐकून मला कामावर चुका व्हायला लागल्या आहेत. काल एका दाबमापकावर मी जुन्याच तारखेची चिठ्ठी लावली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

तुझी बहीण


रविवार, १५ मार्च

दादा,

मी बरी नाही. या वेळी तिथूनच सुरू करते.

२४ फेब्रुवारी. सकाळी आठ वाजून एक मिनिटाला हिरवी खूण आली. आठ वाजून सहा मिनिटांनी बाबांचा फोन आला, मला. आठ वाजून नऊ मिनिटांनी पुन्हा आला. माझ्या मोबाईलवर दोन्हीची नोंद आहे, चित्र सोबत जोडलंय. मी कंपनीच्या बसथांब्यावर उभी होते. मोबाईल हातात होता. पडद्यावर ‘बाबा’ हे नाव मी वाचलं.

पहिला मी वाजू दिला. दुसऱ्याचा आवाज बंद केला.

त्याचं कारण असं. आधीच्या रविवारी मी घरी गेले होते. डबीवरूनच आमचं वाजलं. बाबा म्हणाले, “बापाशी बोलायचा कंटाळा, म्हणून ही काडेपेटी आणलीस. रोज सकाळी मेला की नाही एवढं कळलं की तुझं काम झालं.” मी म्हणाले, “हो. त्यासाठीच आणलीय.” चपला घालून निघाले. चहा तसाच राहिला. मंगळवारी फोन आला तेव्हा मला वाटलं, भांडण पुढे चालवायचंय. खूण हिरवी आहे म्हणजे माणूस ठीक आहे, ठीक असलेल्या माणसाशी भांडायला माझ्याकडे वेळ नाही. बस आली, मी चढले. त्या दिवशी मी परत फोन केला नाही. बुधवारी सकाळी परत हिरवी खूण आली, तेव्हा तर मला बरं वाटलं. फोन न करण्याचं कारण आयतं मिळालं.

हे तू पहिल्या दिवशी विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, असं लिहिणार होते. खरं नाही. तू पहिल्याच दिवशी म्हणालास, “बाबांचं डोकं गेलंय गं,” आणि मी गप्प बसले. कारण बाबांचं डोकं गेलेलं असलं तर माझ्या त्या दोन न उचललेल्या फोनांबद्दल कुणी विचारणार नव्हतं. अठरा दिवस मी तुझ्यावर चिडत राहिले, आणि अठरा दिवस तुझं म्हणणं माझ्या सोयीचं होतं. तुझा राग मला यायचाच, तो खोटा नाही. पण त्याच्या आड मी उभी होते.

गुरुवारचं पत्र पाठवल्यावर मला राहवेना. बाबांनी डॉक्टरांना ‘आठवत नाही’ म्हटलं तेव्हा ते डॉक्टरांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. शंभरातून सात वजा करत उणे पाचपर्यंत जाणाऱ्या माणसाला आपण कुणाला फोन केला ते आठवत नाही?

काल दुपारी गेले. शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर झोपले होते. मी खुर्ची ओढली आणि विचारलं, “बाबा, पडल्यावर डबी का दाबलीत?”

“वाजली म्हणून.”

“वाजली म्हणून? बटण म्हणजे मी ठीक आहे असं असतं ते.”

“कोण म्हणालं?”

“मी सांगितलं होतं.”

“तू?” बाबा हसले. “तू आलीस, डबी टेबलावर आपटलीस, ‘वाजली की दाबायची’ म्हणालीस, आणि मोबाईलमध्ये तोंड घातलंस. दहा मिनिटांत गेलीस. एवढंच सांगितलं होतंस. तेवढंच मी केलं.”

ते खरं होतं, शब्दन् शब्द.

“अगं, भोंगा वाजला की आधी काय करायचं? चौतीस वर्षं काय केलं मी बॉयलर हाऊसमध्ये? आधी भोंगा बंद करायचा. ऐकलं, असं सांगायचं. नाहीतर कान किटतात आणि माणूस घाबरतो. भोंगा बंद केला तरी दिवा चालूच राहतो. बिघाड निघेपर्यंत दिवा जात नाही. मी भोंगा बंद केला. तुझ्याकडे दिवा चालू असेल, असं धरून चाललो.”

दादा, तुला हे किती समजेल माहीत नाही, म्हणून सरळ लिहिते. मी कारखान्यात याच गोष्टी तपासते. धोक्याचा भोंगा वाजला की पहिलं बटण फक्त आवाज थांबवतं. त्याचा अर्थ ‘ऐकलं’. ‘ठीक आहे’ नव्हे. नवीन आलेल्या प्रत्येक माणसाला पहिल्या दिवशी हा फरक मीच शिकवते. कुणी तो विसरला तर वर्गातून उठवून पुन्हा विचारते. आणि ज्या माणसाने मला तो मी दहा वर्षांची असताना, बॉयलरसमोर उचलून धरून शिकवला, त्याच्या खिशात मी उलट्या अर्थाचं बटण घातलं आणि दहा मिनिटांत निघून आले. बाबांची चूक इतकीच, की त्यांनी आपलं काम बरोबर केलं.

मी विचारलं, “मग?”

“मग काय? तोवर आपलं आपण उठायला बघत होतो, जमलं नाही. नियमच आहे. भोंगा बंद केला की वरच्या माणसाला कळवायचं. तुला फोन लावला.”

“मी उचलला नाही.”

“रिंग गेली ना. दोनदा गेली. म्हटलं, कळलं असेल, निघाली असेल. मग मोबाईल मेला. मग नळी ठोकत बसलो. नुसतं पडून काय करायचं?”

“बुधवारी परत डबी दाबलीत तेव्हा?”

“तेव्हा वाटलं, बस चुकली असेल.”

टोमणा नव्हता तो, दादा. टोमणा असता तर मला परतवता आला असता.

मास्तरांनी कूस बदलली. मी आवाज खाली आणून विचारलं, “डॉक्टरांना का सांगितलं नाहीत? त्या एका वाक्यावर तुमचं डोकं गेलंय असं कागदावर आलं. तुम्हाला घरी जायचंय ना? त्या कागदावर तुमचं घर जाईल.”

“तू समोर बसली होतीस.”

“मग?”

“मग काय मग? पाळीत घोटाळा झाला की वहीत कुणाचं तरी नाव लागतं. लागणारच. माझं लागू दे. मी रिटायर आहे.”

मग ते मला म्हणाले, “नाक पूस. मास्तर जागे आहेत, नुसते घोरायचं सोंग करतायत.” मास्तर डोळे न उघडता म्हणाले, “मी काही ऐकलं नाही.”

मी तिथून थेट डॉक्टरांकडे गेले. मोबाईलवरची नोंद दाखवली, वेळा सांगितल्या, भोंग्याचं समजावलं. कागदाच्या मागे चौकोन काढून दोन बटणं आणि एक दिवा दाखवला. त्यांनी दोन प्रश्न विचारले, दोन्ही चांगले होते. मग आधीची ओळ खोडून, बाजूला सही करून नवीन लिहिली: ‘पडल्यावर पूर्ण भान. मुलीशी दोनदा संपर्काचा प्रयत्न. मुलीकडून प्रतिसाद नाही.’ शेवटचं वाक्य मी लिहायला लावलं. ते टाळत होते. हा कागदही जोडलाय. वहिनीच्या बहिणीलाही दाखव. या वेळी आकडे बरोबर आहेत, नावही बरोबर आहे.

अर्ज मी फाडलेला नाही, फाडणं हे नाटक झालं. चौदाव्या प्रश्नावरची तुझी खूण खोटी आहे, तेव्हा तो अर्ज तूच मागे घे. वीस तारखेच्या आत. घेतला नाहीस तर मी त्या लोकांना डॉक्टरांचा कागद पाठवीन आणि तुझ्या सहीबद्दल विचारीन. धमकी समजलास तरी चालेल.

आता सेवा निवडायची. निवडली.

तक्त्यातली एकही नाही. पद्धत बाबांनी सांगितली, मी फक्त तपासली. बॉयलर हाऊसमध्ये बटणावर कुणी विसंबत नसे. दर तासाला माणूस उठून मापकापर्यंत चालत जायचा, काटा वाचायचा आणि फोनवर आकडा सांगायचा. आकडा सांगायचा तर तिथवर जावं लागतं. पडून राहून तो सांगता येत नाही.

तर रोज सकाळी आठ वाजता बाबा चौकट धरून स्वयंपाकघराबाहेरच्या पाण्याच्या मीटरपर्यंत जातील, आणि फोनवर आकडा वाचून दाखवतील. तो आदल्या दिवसापेक्षा मोठा हवा. पाणी वापरलं म्हणजे माणूस उठला, तोंड धुतलं, चहा केला. फोन आपण करायचा. कंपनी नाही, ताई नाहीत, आपण. सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि रविवार मी. मंगळवार, गुरुवार, शनिवार तू. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ऊठ. सव्वाआठपर्यंत आकडा आला नाही तर तू मला कळवायचंस आणि मी खालच्या मावशींना. किल्ली त्यांच्याकडे दिलीय. नळीवरच्या ठोक्यांचंही त्यांच्याशी ठरलंय. “तीन आणि दोन वाजले की मशीन टाकून येईन, पण म्हाताऱ्याला सांग, उगाच तबला वाजवू नको,” असा त्यांचा निरोप आहे.

आणि गळ्यातली मदतीची डबी बाबांनी मान्य केली. “आता पाय मोडलाच आहे तर बैल व्हायला हरकत नाही.” या वेळी बटणाचा अर्थ मी समजावला. चाळीस मिनिटं लागली. मध्ये त्यांनी माझ्या तीन चुका काढल्या.

आज सकाळी आठ वाजता पहिलं वाचन घेतलं. दवाखान्यात मीटर नाही, म्हणून नर्सच्या टेबलाजवळचं औषधांचा फ्रिज ठरवलाय, त्याच्या दारावर तापमानाचा आकडा दिसतो. खाटेपासून अठरा पावलं. मी फोन केला, चौकटीचे ठोके ऐकले, मोजले. अठराव्या ठोक्यानंतर दम लागलेला आवाज: “चार पूर्णांक दोन. आणि हिला सांग, दाराचं रबर सैल झालंय, थंडी बाहेर जातेय.” मागून नर्स म्हणाली, “आजोबा, तुम्ही घरी कधी जाताय?”

मी आकडा वहीत लिहिला. मग लगेच फोन ठेवला नाही. ते विचारत होते, आज कामाला सुट्टी ना, जेवणार काय आहेस. मी सांगत होते. सहा मिनिटं बोललो. नोंद करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

उद्या मी, परवा तू. परवाच्या पानावर तुझ्या नावापुढे जागा रिकामी ठेवलीय.

माझ्यावर चिड. हवं तितकं चिड, मला ते घेता येईल, आणि तुझा तो हक्क आहे. पण या पत्राला अंगठा पाठवू नकोस, ‘कळलं’ असंही लिहू नकोस. ते नुसतं भोंगा बंद करणं झालं. मंगळवारी आठ वाजून एक मिनिटाला तुझा आकडा येईपर्यंत माझ्याकडचा दिवा चालू आहे.

तुझी,
मोजपट्टी